राहिलेले चौदा फेरे

पाणीखात्यात बत्तीस वर्षं रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायचं-मिटायचं काम करून निवृत्त झालेल्या त्या माणसाला सगळं शहर चावीमामा म्हणायचं. छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते सायकलवरून फिरायचे. कुठल्या गल्लीत कुठलं झाकण आहे आणि त्याखालचा व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत पुरा उघडतो, ते त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्तीनंतर चावी खात्यात जमा झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मामांची दुसरी ख्याती त्यांच्या प्रार्थनेची. चर्चमध्ये मामा प्रार्थनेला उभे राहिले की राष्ट्राध्यक्षांपासून रस्ता झाडणाऱ्यापर्यंत एकेकाला देवाच्या हाती सोपवल्याशिवाय खाली बसायचे नाहीत. मामी म्हणायच्या, "यांचं आमेन येईपर्यंत दूध उतू जाऊन पातेलं घासूनसुद्धा होतं."

त्या वर्षी देशातल्या सगळ्या चर्चनी मिळून ठरवलं की सात दिवस रोज संध्याकाळी पश्चात्तापाची प्रार्थना करायची. चौदा वर्षांपूर्वी देशात मोठी दंगल उसळली होती. माणसं मेली, घरं जळली, मग सरकार बदललं, रस्ते नवे झाले आणि सगळं शांत झालं. पण ती शांतता म्हणजे एकाच घरात दोन भावांनी अबोला धरावा तशी होती. या शहरात टेकडीवर वरची वस्ती आणि उताराला खालची वस्ती. वरची माणसं इथली जुनी, खालची दोन पिढ्यांपूर्वी सीमेपलीकडून आलेली. भाषा तीच, देवही तोच. खालच्या वस्तीतही एक छोटं चर्च होतं. तरी चौदा वर्षांत इकडची मंडळी तिकडे गेली नव्हती, तिकडची इकडे आली नव्हती. देश बरा व्हावा, अशी प्रार्थना मात्र दोन्हीकडे चालायची.

वरच्या चर्चचे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, तरुण होते, दोनच वर्षांपूर्वी बदलून आलेले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. पहिल्या संध्याकाळी ते म्हणाले, "एकच विनंती आहे. या सात दिवसांत 'त्यांना क्षमा कर' असं कुणी म्हणायचं नाही. देशाचं पाप म्हणजे काही हवेतली गोष्ट नव्हे, ते कुणाच्या तरी हातून झालेलं असतं. ज्याला आपल्या हातून झालेलं काही आठवत असेल त्यानं तेवढंच सांगावं. आठवत नसेल त्यानं गप्प बसावं. देवाला गप्प बसलेलं चालतं."

हे लोकांना जड गेलं. पहिल्या दिवशी बहुतेक जण गप्पच बसले. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या निवृत्त बाई उठल्या आणि आपण शेजारणीचा मत्सर केला, असं म्हणाल्या. शेजारीण मागच्याच बाकावर होती. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मला माहीत होतं गं!" लोक हसले आणि हवा जरा सैल झाली.

तिसऱ्या संध्याकाळी प्रार्थना चालवायची पाळी मामांची होती. मामी नेहमीप्रमाणे डोळे मिटून सैलावून बसल्या. लांबचा प्रवास होता.

मामा उभे राहिले. "हे आमच्या स्वर्गीय पित्या," इतकं म्हणाले आणि थांबले. खाकरले. पुन्हा म्हणाले, "हे पित्या," आणि पुन्हा थांबले. पुढच्या बाकाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली. कुणाला वाटलं, चक्कर आली. पाळक अर्धवट उठलेसुद्धा.

"दंगलीच्या वर्षी," मामा म्हणाले, आणि तो त्यांचा प्रार्थनेचा आवाज नव्हता, घरात बोलायचा होता, "खालच्या वस्तीचं पाणी नऊ दिवस बंद होतं. पंपाची मोटर जळली म्हणून सांगितलं होतं. मोटर जळली नव्हती. मी व्हॉल्व्ह बंद केला होता. फोनवरून हुकूम आला, मी सायकलवरून गेलो आणि बंद केला. नऊ दिवस रोज त्या झाकणावरून गेलो. त्या नऊ दिवसांत इथे याच बाकापाशी उभा राहून मी देशात शांती मागत होतो. मला क्षमा कर." आणि ते खाली बसले. आमेन म्हणायचं राहून गेलं.

मग खात्यातलेच जुने हेडक्लार्क, जे मामांच्या शेजारी बसायचे, हलक्या आवाजात म्हणाले, "अहो, हुकूम वरून आला होता. तुम्ही पडलात हुकमाचे ताबेदार. तुम्ही नसता केला तर दुसऱ्यानं केला असता."

"दुसऱ्यानं केला असता तर आज तो उभा राहिला असता," मामा म्हणाले. "हात माझा होता."

पाळकांनी आमेन म्हटलं आणि सगळ्यांना थोडा वेळ शांत बसायला सांगितलं. बाहेर पडताना काही जणांनी मामांचा हात हातात घेतला, काही जण बाजूच्या दारानं गेले. एक जण पायरीवर पुटपुटला, "खपली काढून काय मिळतं कुणास ठाऊक."

घरी आल्या आल्या मामींनी पर्स खुंटीला अडकवली आणि त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मोटर जळली, असं तुम्ही मला सांगितलं होतं."

"हो."

"आणि मी ते ताईला सांगितलं."

ताई म्हणजे खालच्या वस्तीतली शिवणकाम करणारी बाई. तयार कपड्यांच्या कारखान्यात तिचं आणि मामींचं मशीन अकरा वर्षं शेजारी शेजारी होतं. एकीचा दोरा संपला की दुसरीच्या रिळातून घ्यायचा, इतकं सख्य. दंगलीत पाणी बंद झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं मामींना फोन केला होता. मामींनी ठामपणे सांगितलं होतं, "अगं, मोटर जळलीय. हे स्वतः सांगत होते. दोन दिवसांत येईल, धीर धर." पलीकडून काहीच उत्तर आलं नव्हतं. त्यानंतर ताई कारखान्यात आलीच नाही. मामींनी समजूत करून घेतली की दंगलीनं माणसं कडू होतात, त्यातलीच ही एक.

"तुम्ही खोटं बोललात ते बोललात," मामी म्हणाल्या, "पण माझ्या तोंडानं बोललात. मी तिला धीर धर म्हटलं हो! तहानलेल्या माणसाला!" त्या खुर्चीवर बसल्या. "चौदा वर्षं मी तिला आढ्यताखोर समजत आले."

मामांनी पाण्याचा पेला पुढे केला. मामींनी तो बाजूला सारला. "उद्या सकाळी जायचं. मी एकटी नाही जाणार. तुम्ही यायचं."

सकाळी दोघं बसनं उतारावर गेली. नऊ वाजले होते. गल्लीतल्या नळांना पाणी आलं होतं आणि प्रत्येक नळाखाली बादल्यांची रांग होती. मामांची नजर सवयीनं नळाच्या धारेवर गेली. धार करंगळीएवढीसुद्धा नव्हती. त्यांनी मान वळवली आणि चालत राहिले.

ताईची खोली तळमजल्यावर होती. खिडकीशी मशीन, मशीनवर शाळेच्या गणवेशांचा ढीग, भिंतीला टेकून कापडाचे तागे. केस पुरते पांढरे झालेले. दारात मामींना पाहून तिनं पायडलवरचा पाय काढला. ये म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. पलंगावरचे गणवेश उचलून तिनं बसायला जागा केली.

मामांनी सांगायला सुरुवात केली. ते म्हणाले, "ताई, त्या वेळी मोटर..."

"जळली नव्हती," ताई म्हणाली. "माहीत आहे."

तिनं मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"पंपघर या गल्लीच्या मागेच आहे. मोटर चालली की आमच्या भांड्यांची मांडणी थरथरते. ती नऊ दिवस थरथरत होती. मोटर चालू, पाणी वर जातंय, आम्हाला नाही, हे आमच्या पोरांनासुद्धा समजत होतं. न समजलेले तुम्ही वरचेच."

मामींनी पदरानं तोंड दाबलं. "मग फोनवर तू बोलली का नाहीस गं?"

"काय बोलणार? तुझ्या आवाजावरून कळत होतं की तुला खरंच तसं वाटतंय. आणि मला वाटलं, हिला खरं कळलं तर ही काय करेल? काही केलं नाही तर? ते बघायची माझी तयारी नव्हती." तिनं मशीनवरचा एक गणवेश उचलला आणि उगाच घडी घातली. "माझी आई त्या नऊ दिवसांत गेली. खाणीत साठलेलं पाणी आणत होतो. उकळायला इंधन नव्हतं. जुलाब लागले, चार दिवसांत संपली. अजून पाच जण गेले या गल्लीतले. आम्हीही प्रार्थनाच करत होतो तेव्हा. पाणी मागत होतो."

"आणि मी शांती मागत होतो," मामा म्हणाले.

"मिळाली का?"

मामांनी नाही म्हणून मान हलवली. मग हात जोडले आणि म्हणाले, "मी क्षमा मागायला आलोय."

ताई म्हणाली, "इथे चार भिंतींत माझी मागून काय होणार? आई माझी एकटीची गेली नाही. मागायची तर चौकात सगळ्यांसमोर मागा. आणि मामा, एक सांगू? झालेल्या गोष्टीची क्षमा मागायला माणूस लवकर तयार होतो, कारण ती होऊन गेलेली असते. ही धार बघितलीत ना येताना? वरचे म्हणतात, खालच्यांना पाणी वापरायची अक्कल नाही. पाणी उताराकडे धावतं हे शेंबडं पोर सांगेल. मग आमच्याकडेच का अडखळतं? जमलं तर तेवढं विचारा तुमच्या खात्याला."

मामांचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर मामींनी विचारलं, "काय झालं? असे पांढरेफटक का पडलात?"

"तू घरी जा," मामा म्हणाले. "मला ऑफिसात जायचंय."

त्यांचा जावई पाणीखात्यात इंजिनियर होता. खालच्या वस्तीच्या कमी दाबाचं कोडं दोन वर्षं त्याच्या गळ्यात होतं. दोन जादा पंप बसवून झाले, गळती शोधून झाली, नकाशे पालथे घालून झाले. दर रविवारी सासऱ्याच्या घरी जेवताना तो हा विषय काढायचा आणि मामा त्याला म्हणायचे, "अजून थोडं वाढू?"

मामा त्याच्या टेबलासमोर बसले. भिंतीवर शहराच्या नळांचा मोठा नकाशा होता.

"नऊ दिवसांनंतर पाणी सोडायचा हुकूम आला," मामा म्हणाले, "तेव्हा फोनवर सांगितलं होतं की पुरं उघडू नकोस, आठ फेरे उघड, बाकीचं मागाहून बघू. तो व्हॉल्व्ह बावीस फेऱ्यांचा आहे. मी आठ फेरे उघडला आणि नोंदवहीत 'पूर्ण चालू' लिहिलं. पुढचा फोन कधी आलाच नाही. मग त्यावर रस्ता झाला. एकदा नाही, तीनदा."

जावयानं हातातल्या पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मामा, दोन वर्षं," तो शेवटी म्हणाला. "दोन वर्षं मी तुमच्यासमोर बसून डोकं फोडतोय."

"हो."

"आणि तुम्ही मला भात वाढत होतात."

"हो रे बाबा. काल चर्चमध्येसुद्धा मी अर्धंच सांगितलं. जे संपलं होतं तेवढंच." मामांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला. "लिहून देतो. सहीनिशी. चौकशी लागली तर लागू दे."

"तुमच्यावर तर लागेलच. माझ्यावरही बोटं दाखवतील, सासऱ्याला पाठीशी घातलं म्हणून."

"तुला माहीत नव्हतं हेही लिहितो."

जावई उठून खिडकीपाशी गेला. तो चांगला माणूस होता, पण चांगल्या माणसालाही राग गिळायला वेळ लागतो. थोड्या वेळानं परत येऊन तो म्हणाला, "आधी झाकण कुठे आहे ते दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता टपाल कचेरीसमोरचा रस्ता अडवला गेला. नकाशावर व्हॉल्व्ह जिथे होता तिथे प्रत्यक्षात काहीच नव्हतं, कारण रस्ता रुंद झाला होता. मामांनी कचेरीच्या कोपऱ्याच्या दगडाला पाठ लावली, सात पावलं टाकली, डावीकडे वळून तीन टाकली आणि टाच आपटली. "इथे." दोन हात डांबर फोडल्यावर लोखंडी झाकण लागलं. कामगारांपैकी एक जण म्हणाला, "मामा, माझं हरवलेलं घड्याळपण शोधून द्या की!"

खड्डा गाळानं भरलेला होता. तो उपसला. व्हॉल्व्हच्या दांड्याला गंज चढला होता. तेल ओतलं, गॅसच्या ज्योतीनं शेकलं, पुन्हा तेल ओतलं. दुपार झाली. मग जावयानं चावी आणली आणि न बोलता सासऱ्याच्या हातात दिली. मामांनी जोर लावला. पहिला फेरा फिरायला दहा मिनिटं लागली. तिसऱ्याला त्यांचे दंड कापायला लागले, पाचव्याला ते बाजूला झाले. पुढचे फेरे दोन कामगारांनी फिरवले आणि मामा खड्ड्याच्या काठावर बसून मोजत राहिले. चौदा झाल्यावर ते म्हणाले, "बस. आता पुरा."

उतारावर मात्र वेगळाच गोंधळ उडाला. इतकी वर्षं मरगळलेल्या नळांना एकदम दाब आला आणि दोन ठिकाणी सांधे निखळले. ताईच्या गल्लीत घोटाघोटा पाणी झालं. बायका तागे, गाद्या, पोरं उचलून पायऱ्यांवर चढल्या आणि एक म्हातारा दारात उभा राहून ओरडला, "चौदा वर्षांचं एकदम पाठवलं का रे?" सगळी गल्ली हसली. सांधे दुरुस्त व्हायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मामा प्लंबरांबरोबर तिथेच होते, पाने हातात देत, वायसर शोधत. कुणी त्यांच्याशी फारसं बोललं नाही, कुणी हाकललंही नाही.

सातव्या दिवशी पाळकांनी शेवटची प्रार्थना खालच्या वस्तीच्या चौकात ठेवली. तिथल्या पाळकांना भेटून त्यांनी आधी परवानगी मागितली होती. वरच्या मंडळीतले निम्मेच लोक आले. हेडक्लार्क आले नाहीत. पण मामींच्या शेजारी जावई आणि लेक येऊन उभी राहिली.

मामांनी नऊ दिवसांचं सांगितलं, आठ फेऱ्यांचं सांगितलं, नोंदवहीतल्या खोट्याचंही सांगितलं. जे सहा जण गेले त्यांची नावं त्यांनी ताईकडून विचारून घेतली होती. ती त्यांनी एकेक करून म्हटली. एक वयस्कर माणूस मध्येच उठून घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. एका बाईनं विचारलं, "इतकी वर्षं का गप्प बसलात?"

"भीतीनं," मामा म्हणाले. "आधी हुकमाची, मग नोकरीची, मग तुमची."

मग मामी पुढे झाल्या. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. "मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या, "पण मी माहीत करून घ्यायलाही आले नाही. बसनं वीस मिनिटांचा रस्ता आहे. माझी मैत्रीण नऊ दिवस तहानलेली होती आणि मी फोन ठेवून दिला."

खालच्या वस्तीचे पाळक उठले. ते म्हणाले की आमच्या मनातही इतकी वर्षं विष साचलंय. जाळलेल्या दुकानांत वरच्यांचीही दुकानं होती आणि ती कुणाच्या हातांनी जळली ते या चौकात काही जणांना माहीत आहे. तेवढंच बोलून ते थांबले. मग मागून एका माणसानं, मान खाली घालून, हात वर केला.

देश त्या संध्याकाळी बरा झाला, असं कुणी म्हणणार नाही. वर्तमानपत्रात बातमीही आली नाही. मामांची चौकशी चार महिने चालली. हुकूम देणारे साहेब केव्हाच वारले होते. मामांना लेखी ताकीद मिळाली. जावयाचं नाव साफ निघालं, पण मामांशी पूर्वीसारखं मोकळं बोलायला त्याला पुढचे सहा महिने लागले. वरच्या चर्चमधली तीन कुटुंबं दुसरीकडे जायला लागली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही मंडळ्या एकत्र उपासनेला बसू लागल्या, एकदा वर, एकदा खाली.

त्या चौकातून निघताना मामी ताईजवळ थांबल्या होत्या. ताई म्हणाली, "मामांनी मागितली ती क्षमा मला अजून जमत नाही. जमली असं तोंडदेखलं म्हणणार नाही. जमेल तेव्हा सांगेन. तोवर येत जा."

तेव्हापासून मामा आणि मामी दर बुधवारी चार वाजता तिच्याकडे जातात. मामी काजं-बटणं करतात, मामा तागे उचलून ठेवतात. चहा होतो. मग तिघं खुर्च्या जवळ ओढतात आणि प्रार्थना करतात. आळीपाळीनं, प्रत्येकी दोन-तीन वाक्यं. दीड वर्ष झालं. ताईनं तो शब्द अजून उच्चारलेला नाही आणि मामांनी कधी विचारलेलं नाही. गेल्या बुधवारी तिची पाळी होती. ती म्हणाली, "प्रभू, आज आम्ही तिघं इथे आहोत. पुढच्या बुधवारीही असू दे."

मामा आमेन म्हणाले.